सामायिक दूरध्वनी आणि बोलणाऱ्याची ओळख
(तलासरी–डहाणू परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार)

१

दूरध्वनी उचलल्यावर मराठी माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोण बोलतंय?’ हा. प्रत्यक्ष भेटीत हा प्रश्न उद्भवत नाही; पत्राच्या बाबतीत सही आणि हस्ताक्षर त्याचे उत्तर देतात; निरोपाच्या बाबतीत निरोप्या समोर उभा असतो. दूरध्वनीने आवाज जवळ आणला, बोलणारा मात्र दूरच राहिला. म्हणून ओळखीचा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे. यंत्र एकाच माणसाचे असेल तर प्रश्न निम्मा सुटतो. परंतु कचेरीतील, पंचायतीतील किंवा दुकानातील यंत्र अनेकांचे असते. तेथे ऐकणाऱ्याला विचारावे लागते की बोलणारा कोण, आणि यंत्राच्या मालकाला विचारावे लागते की यंत्र वापरले कोणी.

अलीकडे कचेऱ्यांतून या दुसऱ्या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर रूढ झाले आहे. मेजावरील फोन सर्वांचा. परंतु प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा प्रवेशक्रमांक आणि गुप्त अंक दिलेला असतो. ते अंक दाबले की ते यंत्र तेवढ्या वेळेपुरते त्याचे होते. त्याचा अंतर्गत क्रमांक, त्याने जपलेले पत्ते, बाहेरगावी बोलण्याची त्याला असलेली मुभा, हे सर्व त्या यंत्रावर अवतरते. तो ‘लॉगआउट’ करून उठला की यंत्र पुन्हा कोणाचेच नसते. खिशातील फोनच्या बाबतीतही हीच सोय झाली आहे. अँड्रॉइड प्रणालीत एकाहून अधिक वापरणाऱ्यांची व्यवस्था २०१२ मध्ये प्रथम टॅबलेटवर आणि २०१४ मध्ये फोनवर आली.

ही निव्वळ तांत्रिक सोय आहे असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. लॉगइन हे जुन्याच प्रश्नाचे नवे उत्तर आहे. आणि अशा प्रत्येक उत्तराबरोबर ‘हा अमुक माणूस होय’ असे सांगण्याचा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात गेला आहे. हे हस्तांतर कसे घडले ते प्रथम पाहावयाचे आहे. नंतर महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरील तलासरी आणि डहाणू या दोन तालुक्यांच्या संदर्भात त्याचा अर्थ लावावयाचा आहे. सीमेवरचा, बहुभाषिक आणि बहुसंख्येने आदिवासी असा हा प्रदेश असल्यामुळे ओळखीचा प्रश्न तेथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

२

पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज अमेरिकेतील न्यू हेवन येथे जानेवारी १८७८ मध्ये सुरू झाले. पुढच्याच महिन्यात त्याची जी यादी छापली गेली तीत सुमारे पन्नास नावे होती. क्रमांक एकही नव्हता. माणसाचे नाव सांगावे आणि ऑपरेटरने जोडून द्यावे, अशी ती पद्धत होती. क्रमांकांचा उगम मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गावी १८७९ मध्ये झाला असे सांगतात. गावात गोवराची साथ होती. चारही ऑपरेटर एकदम आजारी पडले तर नवख्या माणसांना शेकडो नावे कशी आठवणार, ही शंका डॉ. मोझेस पार्कर या वैद्याला आली आणि त्याने ग्राहकांना क्रमांक देण्याची सूचना केली. कथेचा तपशील काहीही असो, तिचा आशय महत्त्वाचा आहे. क्रमांक आला तो माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहणे धोक्याचे वाटू लागले म्हणून.

ऑपरेटरवरचा दुसरा आक्षेप निःपक्षपातीपणाचा होता. कॅन्सस सिटीतील आल्मन स्ट्रोजर हा अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा व्यावसायिक. आपल्याकडे येणारी गिऱ्हाइके ऑपरेटर आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, अशी आख्यायिका आहे. १८९१ मध्ये त्याने स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळविले. ऑपरेटर ओळख लक्षात ठेवतो म्हणून उपयुक्त. आणि ती लक्षात ठेवतो म्हणूनच संशयास्पद. हा पेच पुढील सर्व इतिहासात कायम राहिला आहे.

मुंबईला दूरध्वनी लवकर आला. १८८१ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला आणि १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे एक्स्चेंजे सुरू झाली. ही तिन्ही शहरे दीर्घकाळ खाजगी कंपन्यांच्या व्यवस्थेखाली होती. १९४३ मध्ये सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. स्वातंत्र्याच्या वेळी सबंध देशात सुमारे ऐंशी हजार दूरध्वनी होते. १९९१ च्या सुमारासही ही संख्या पन्नास लाखांच्या आसपासच होती. सामायिक दूरध्वनी हा आपल्याकडे अपवाद नव्हता, नियम होता, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

३

या टंचाईतून ओळखीच्या ज्या देशी पद्धती निर्माण झाल्या त्यांची नोंद इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही. ट्रंककॉलच्या काळात साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे वर्ग असत. त्यांखेरीज ‘पी. पी.’, म्हणजे ‘पर्टिक्युलर पर्सन’, असा एक प्रकार होता. जादा आकार भरून विशिष्ट व्यक्तीच्या नावाने कॉल नोंदवावयाचा आणि ती व्यक्ती दूरध्वनीपाशी आली म्हणजे ऑपरेटरने जोडून द्यावयाचा, अशी ती रीत होती. यंत्र आणि व्यक्ती या दोन गोष्टी भिन्न आहेत हे तत्त्व येथे दराच्या तक्त्यातच मान्य केलेले दिसते.

लोकव्यवहाराने हीच अक्षरे उचलली आणि त्यांना नवा अर्थ दिला. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर क्रमांकापुढे ‘पी. पी.’ असे लिहिलेले असे. त्याचा अर्थ एवढाच, की हा दूरध्वनी शेजाऱ्यांचा आहे, बोलावून देतील. येथे ओळख पटविण्याचे काम शेजारी करीत. हाक मारणे, निरोप ठेवणे, आवाजावरून नातेवाईक ओळखणे, प्रसंगी ‘त्या घरी नाहीत’ असे सांगून अब्रू झाकणे, हे सर्व त्या कामात येई. ही ओळख उबदार होती. पण तिच्यात गुप्तता नव्हती. कोणाला कोणाचा फोन येतो हे आळीला ठाऊक असे.

कचेरीत शेजाऱ्याची जागा नोंदवहीने घेतली. सरकारी कार्यालयातील ट्रंककॉल नोंदवहीत तारीख, वेळ, गाव, क्रमांक, कॉल सरकारी की खाजगी आणि सही असे रकाने असत. बिल आले की लेखनिक वहीशी ताळा घेई. वहीत नसलेल्या कॉलचा भुर्दंड कोणावर पडावयाचा हा वाद पुष्कळ कार्यालयांच्या परिचयाचा आहे. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये ग्राहकाने स्वतः परगावचा क्रमांक फिरविण्याची सोय सुरू झाली आणि ती पुढे सर्वत्र पसरली. ऑपरेटर मधून गेला. त्याबरोबर कॉल नोंदविणारा साक्षीदारही गेला. मग तबकडीच्या भोकात बसणारे लहानसे कुलूप आले. ज्याच्यापाशी किल्ली तो अधिकृत वापरणारा. परंतु तबकडी प्रवाह ठराविक वेळा खंडित करते, एवढेच तिचे कार्य. चिकाटीचा माणूस रिसीव्हर ठेवावयाचा खटका तितक्याच वेळा दाबून कुलूपबंद यंत्रावरूनही क्रमांक लावू शके. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे आल्यावर किल्लीच्या जागी सांकेतिक अंक आले. कुलूप असो वा अंक, दोहोंनाही माणूस कळत नव्हता. किल्ली कोणापाशी आहे, अंक कोणाला ठाऊक आहेत, एवढेच त्यांना कळत होते.

४

लॉगइनची कल्पना मात्र दूरध्वनीच्या घरात जन्मलेली नाही. ती संगणकाकडून आली. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी प्रणाली सिद्ध केली. यंत्र महाग होते आणि वापरणारे पुष्कळ होते. म्हणून प्रत्येकाला वेळेचा वाटा आणि आपली कागदपत्रे राखण्यासाठी पासवर्ड देण्यात आला. १९६२ मध्ये ॲलन शेर या विद्यार्थ्याने आपला वाटा अपुरा पडतो म्हणून पासवर्डांची सबंध यादीच छापून घेतली. सामायिक यंत्रावरील व्यक्तिगत खाते आणि त्याचा भंग या दोन गोष्टी अशा प्रकारे जवळजवळ जुळ्या भावंडांसारख्या आल्या. दोहोंच्या मुळाशी टंचाई होती.

या ठिकाणी दोन शब्दांकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘लॉग’ म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी नावाडी दोरीला बांधलेला लाकडी तुकडा समुद्रात सोडीत आणि आलेले माप वहीत टिपून ठेवीत. त्या वहीला ओंडक्याचेच नाव पडले. म्हणजे ‘लॉगइन’ या शब्दात ओळखीचा नव्हे, तर नोंदीचा अर्थ आहे: वहीत टिपले जाऊन आत जाणे.

दुसरा शब्द आपला ‘खाते’. मराठीत वापरणाऱ्याच्या प्रोफाइलला आपण सहज ‘खाते’ म्हणतो. पण या शब्दामागे महसुली आणि सावकारी असा दुहेरी इतिहास उभा आहे. महसुलात सामायिक जमिनीचे हिस्से वेगळे करून प्रत्येकाच्या नावे लावण्याला ‘खातेफोड’ म्हणतात. सामायिक फोनवर कर्मचाऱ्यागणिक प्रोफाइल उघडणे ही एका अर्थी खातेफोडच होय. वस्तू एकत्र राहते, जबाबदारी विभागली जाते. सावकारी अर्थ याहून कठोर आहे. सावकाराच्या वहीतील खाते ऋणकोच्या नावाचे असे. पण वही सावकाराच्या हाती असे आणि तिच्यातील अक्षर ऋणकोला वाचता येत नसे. खाते माझ्या नावाचे असणे आणि खाते माझे असणे यांतील अंतर यावरून लक्षात यावे.

५

आता तलासरी–डहाणूकडे वळू. या भागात हे अंतर शब्दकोशापुरते कधीच नव्हते. १९३०–४० च्या दशकात मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी प्रदेशाविषयी जो अहवाल तयार केला त्यात वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पत्करावे लागणारे दास्य यांचे वर्णन आहे. अशा माणसाला येथे ‘लग्नगडी’ म्हणत. कर्जाच्या कागदावरचा अंगठा त्याचा, हिशेब दुसऱ्याचा. मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची जी मोठी सभा झाली, तिने वेठ आणि लग्नगडीपण नाकारले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली आहे. १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

याच लढ्यातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये गोदावरीबाईंच्या नावाने खोटा निरोप पसरविला गेला आणि त्यावर विसंबून हजारो वारली तलवाडा येथे जमले. पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. निरोप पाड्यापाड्यांतून तोंडी जात होता. सांगणारा ओळखीचा असे, म्हणून निरोप खरा मानला जाई. मूळ निरोप कोणी धाडला हे तपासण्याचे साधन मात्र नव्हते. ‘कोण बोलतंय?’ हा प्रश्न औपचारिक नाही. त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात. म्हणून ओळख पटविण्याच्या यंत्रणेची खिल्ली उडवून चालणार नाही. प्रश्न आहे तो ती यंत्रणा कोणाच्या हाती आणि कोणाच्या भाषेत असावी हा.

भाषेची गुंतागुंत येथे मोठी आहे. १ मे १९६० रोजी राज्यांची विभागणी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि इकडे राहिलेल्या गावांपासून तलासरीचा घटक बनला. १ ऑगस्ट २०१४ पासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. जे गाव मराठीत उंबरगाव तेच गुजरातीत उमरगाम. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तलासरी तालुक्यातील सुमारे नव्वद टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात वारली बोली मराठीच्या सातव्या खंडात आहे, तर धोडिया बोली भिल्ल भाषांच्या विभागात, नवव्या खंडात. एकाच बांधावरचे शेजारी दोन निरनिराळ्या खंडांत विभागले गेले आहेत.

अशा प्रदेशात नावाचे लेखन स्थिर नसते. डहाणू तालुक्यातील विख्यात वारली चित्रकार आणि २०११ चे पद्मश्री जिव्या सोमा यांचे आडनाव मराठी लेखनात कोठे ‘म्हसे’, कोठे ‘मशे’, तर कोठे ‘माशे’ असे आढळते. रोमन लिपीत गेलेले नाव पुन्हा नागरीत उतरविताना ह्रस्वदीर्घ आणि महाप्राण हरवतात. खुद्द ‘डहाणू’मधील मूर्धन्य वर्ण रोमन लिपीत दिसत नाहीत. माणसाला यामुळे अडचण पडत नाही. म्हसे आणि माशे एकच हे तो जाणतो. लॉगइनची प्रणाली जाणत नाही. तिच्या लेखी ओळख म्हणजे अक्षराला अक्षर जुळणे. एका कागदावरील नाव दुसऱ्या कागदावरील नावाशी जुळले नाही तर माणूस समोर उभा असूनही नोंदीत अनुपस्थित ठरतो.

६

या सर्व धाग्यांची गाठ आज अंगणवाडीच्या फोनपाशी पडते. ‘अंगणवाडी’ हा शब्द याच परिसरातला. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून हा शब्द घडला असे मानले जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाल्यानंतर सेविकांच्या हाती शासनाचे स्मार्टफोन आले. त्यांच्या जाडजूड नोंदवह्यांचा बराचसा भाग फोनमध्ये गेला. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. फोनची क्षमता अपुरी आहे, दुरुस्तीचा खर्च आपल्यावर पडतो आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीतून भरावी लागते, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. यांतील शेवटची तक्रार आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. खाते सेविकेच्या नावाचे, उत्तरदायित्व तिचे. परंतु त्यातील भाषा तिची नव्हे. सावकारी खात्याशी याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल, कारण येथील हेतू बालकाच्या पोषणाचा आहे. तथापि रचनेतील साम्य नजरेआड करता येत नाही.

त्यापुढचे पाऊल १ जुलै २०२५ पासून पडले. घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा यंत्राने ओळखण्याची अट आली. त्यासाठी आधार क्रमांकाशी जोडलेल्या फोनवर आलेला सांकेतिक अंक एकदा द्यावा लागतो. घरात फोन एकच असेल आणि तो घेऊन पुरुष वापीला किंवा उमरगामच्या कारखान्यात कामावर गेला असेल, तर घरातील बाईची ओळख तितका वेळ त्याच्या खिशात असते. सेविका त्या बाईला जन्मापासून ओळखत असेल. पण प्रणालीपुढे ती साक्ष पुरी पडत नाही. न्यू हेवनमध्ये नाव ऐकून तार जोडून देणाऱ्या ऑपरेटरपासून आपण येथवर आलो आहोत. दूरध्वनीच्या आरंभी मनुष्याची ओळख यंत्राची उणीव भरून काढीत होती. आता मनुष्याच्या ओळखीला यंत्राची मान्यता लागते.

७

या इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. कचेरीत सामायिक फोन बसविणाऱ्या साध्या व्यवस्थापकालाही ते उपयोगी पडावेत.

पहिला असा, की खाते यंत्राचे किंवा पदाचे नसावे, व्यक्तीचे असावे. एका पासवर्डावर सेविका, मदतनीस आणि घरातील शिकलेला मुलगा असे तिघे काम करू लागले, तर नोंद पूर्ण दिसेल. पण ती खोटी असेल. जुन्या ट्रंककॉल वहीत दुसऱ्याची सही करणाऱ्यास निदान अक्षर बदलावे लागे. येथे तेवढाही मागमूस राहात नाही. म्हणून प्रत्येकाला स्वतःचे खाते, काम संपताच ते बंद करण्याची सवय आणि बदली वा निवृत्तीनंतर ते काढून टाकण्याची ठरीव रीत, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

दुसरा निष्कर्ष भाषेचा. व्यक्ती जे नाव ज्या लिपीत लिहिते ते मूळ मानावे आणि रोमन रूप त्याला जोडलेले असावे. त्याच्या उलट नसावे. नावाचे पर्यायी लेखन ही चूक न समजता तीही माहिती समजून नोंदवावी.

तिसरा निष्कर्ष आपल्या महसुली परंपरेतून मिळतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे फेरफार नोंद प्रमाणित होण्यापूर्वी संबंधितांना नोटीस जाते आणि त्यांना हरकत घेता येते. दस्तनोंदणीच्या वेळी पक्षकारास ओळखणारे साक्षीदार उभे राहण्याची पद्धत आजही परिचित आहे. नोंदीवर हरकत घेण्याचा हक्क आणि ओळखीसाठी माणसाची साक्ष, या दोन्ही सोयी कागदाच्या राज्यात आपण दीर्घ अनुभवाने मिळविल्या. कागद जाऊन फोन आला म्हणून त्या सोडून देण्याचे कारण नाही. ज्याच्या नावे खाते आहे त्याला ते स्वतःच्या भाषेत वाचता यावे, चुकीच्या नोंदीवर हरकत घेता यावी आणि यंत्राने ओळख नाकारली तर जाणत्या माणसाची साक्ष ग्राह्य धरली जावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

तलवाड्याच्या प्रसंगाने निरोपाला जबाबदार धनी असावा हे शिकविले. सावकाराच्या वहीने खात्याला वाचणारा धनी असावा हे शिकविले. सामायिक फोनवरील लॉगइन पहिली गरज भागविते. दुसरी अजून भागवावयाची आहे.